रिकाम्या ड्रमावरचं वाक्य

स्मिताला स्पॅनिश येतं, हे नावडे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, काहीतरी बोलून दाखव ना गं. ही बोलून दाखवायची, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि वाण घेऊन आपापल्या घरी जायच्या. तिच्या वडिलांनी तर ती कॉलेजात असताना, क्लासची वही पाहूनच विचारलं होतं की हे स्पॅनिश खायचं की डोक्याला चोपडायचं. पण बाई हट्टाची. तिने डिप्लोमा पुरा केला, नंदकुमारशी लग्न करून नावड्याला आली, आणि नशीब पाहा, तळोज्याच्या एमआयडीसीत कीटकनाशकं बनवणाऱ्या एका कंपनीला नेमका दक्षिण अमेरिकेत माल पाठवायचा होता. पनवेलपासून ठाण्यापर्यंत शोधूनही स्पॅनिश जाणणारं माणूस त्यांना मिळत नव्हतं. स्मिता मिळाली, आणि एक्स्पोर्ट खात्यात खिडकीजवळचं टेबल तिला मिळालं.

तिकडची पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची, फोनवर दुभाषी व्हायचं आणि ड्रमांवर चिकटवायच्या लेबलांचा मजकूर स्पॅनिशमध्ये करायचा, हे तिचं काम. कामात ती चोख होती. फक्त एका शब्दापाशी तिची गाडी दर वेळी अडायची. तो शब्द म्हणजे 'से'. केवढासा तो, पण लग्नघरातल्या मामासारखा कुठेही उभा. कोणी स्वतःचे केस विंचरतंय, तिथे 'से'. दोघी बहिणी एकमेकींना पत्रं लिहितात, तिथेही 'से'. 'लोक असं म्हणतात' म्हणायचं, पण कोण लोक ते सांगायचं नाही, तिथे 'से'. घर विकणे आहे, त्या पाटीवर 'से'. हातून कप पडून फुटला आणि आपल्यावर येऊ द्यायचं नाही, तर पुन्हा हाच. आणि 'त्याला ते दे' म्हणताना दोन सर्वनामं शेजारीशेजारी अवघडायला लागली, की त्यांतल्या एकाच्या जागीही हाच जाऊन बसतो. स्मिताने तो परीक्षेपुरता घोकला होता. लेबलं लिहिताना मात्र तिने आपली साधी युक्ती काढली होती. मराठीत पाटीवर 'येथे थुंकू नये' लिहितात ना, तसं जिथे 'नये' येईल तिथे 'नो से' टाकून द्यायचं.

असंच तिने एक वाक्य लिहिलं होतं. 'एल एन्वासे बासीओ नो से उसा पारा आग्वा.' रिकामा ड्रम पाण्यासाठी वापरू नये. दोन वर्षं ते वाक्य ड्रमांवर बसून समुद्रापार जात होतं, आणि कोणी त्याबद्दल ब्र काढला नव्हता.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये तिकडच्या एजंटाचा फोन आला. एका खेड्यात आपल्या मालाचे रिकामे ड्रम बाजारात विकले गेले होते. बायकांनी ते पाणी साठवायला घेतले. घरंच्या घरं आजारी पडली, आणि दोन लहान मुली इस्पितळात होत्या. माल घेणारी तिकडची कंपनी म्हणत होती की तुमच्या लेबलावरचं वाक्य कच्चं आहे. तो हुकूम नाही, ती नुसती माहिती आहे. 'वापरला जात नाही' म्हणजे काय? कोण वापरत नाही? हा फोन स्मितानेच घेतला, स्मितानेच तो साहेबांना मराठीत सांगितला, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याच नावाची तक्रार घेऊन उभ्या आहोत.

साहेब म्हणजे एक्स्पोर्टचे मॅनेजर प्रसाद. बोलायला लोण्यासारखे. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि समजावलं की येत्या गुरुवारी तिकडच्या कंपनीचा माणूस इथे येतोय. भाषांतरात चूक झाली एवढं कबूल केलं की विषय संपतो. त्यांना कारण पाहिजे, आपण कारण देऊ. तुम्ही थोडे दिवस घरी बसा, वातावरण निवळलं की बघू. आणि हो, दुभाषी दुसरी कोण आणणार, तेव्हा हे त्यांना सांगायचंही तुम्हीच.

कमाल आहे की नाही? फाशी द्यायची ती द्यायची, वर दोरही तिनेच वळायचा.

पण स्मिताला नोकरीचं तितकं वाटत नव्हतं. तिला त्या दोन मुली दिसत होत्या. पोळ्या लाटताना, बसची वाट बघताना, डोक्यात एकच भुंगा. माझ्या वाक्यामुळे झालं का हे? 'वापरू नका' असं सरळ लिहिलं असतं तर त्या आईने ड्रम घेतला नसता का? नंदकुमारला तिने विचारलं, तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला की सांगून टाक चूक झाली, कशाला टेन्शन घेतेस. आणि पाट्यांचं म्हणशील तर 'थुंकू नये' लिहिलेल्या भिंतीवरच लोक नेम धरतात. माणूस वाईट नाही हो, पण काही नवऱ्यांना बायकोचं दुःख म्हणजे रेडिओवरच्या बाजारभावासारखं वाटतं. ऐकलं, न ऐकलं, सारखंच.

रविवारी ती पनवेलहून एसटी धरून उरणला गेली. तिथे खदीजा मॅडम राहायच्या, तिच्या जुन्या स्पॅनिशच्या शिक्षिका. मूळ उरणचंच घराणं. नवरा अहमद बोटीवर अधिकारी, त्यांच्याबरोबर मॅडमनी स्पेनच्या बंदरांत बरीच वर्षं काढली, मग मुंबईत शिकवलं, आणि आता नवरा गेल्यावर गावी परतल्या होत्या. पिकलेले केस, कडक इस्त्रीची साडी, आणि जिभेला धार तशीच. स्मिताने वाक्य कागदावर न लिहिता तोंडीच म्हणून दाखवलं आणि मान खाली घालून बसली.

मॅडमनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या की हुकमाचं रूप जास्त बरं झालं असतं हे खरं, त्याचा अर्धा मार्क मी कापला असता. पण अर्थ कळत नाही असं म्हणणारा खोटं बोलतोय. तिकडे दुकानांवर, बागांत, इस्पितळांत याच 'से'ने पाट्या लिहितात, आणि लहान मूलसुद्धा त्याचा अर्थ लावतं. मग त्यांनी तासभर तिला 'से' पुन्हा शिकवला. आपल्या मराठीतही ही खोड आहेच, त्या म्हणाल्या. दूध सांडलं, दार उघडलं, ठरवण्यात आलं, राहून गेलं. कोणी सांडलं, कोणी ठरवलं, विचारू नका. सभ्य भाषेला असा एक पडदा लागतोच. तो कधी ओढायचा आणि कधी बाजूला सारायचा, ते कळलं की 'से' आला.

स्मिताचा जीव जरा भांड्यात पडतोय तोच मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं,

"वाक्याचं सोड. त्या ड्रमवर ते वाक्य वाचलं तरी कोणी? ज्या बाईने ड्रम घेतला तिला वाचता येत होतं का? आणि विकला कोणी? त्याला तर येत असेल."

परतीच्या बसमध्ये तिला वाटलं, आपण सुटलो. चूक वाक्याची नाही. कुठल्या तरी दुकानदाराची आहे, लोभी मेला. गुरुवारी हे साहेबांना स्पष्ट सांगायचं, असं मनाशी ठरवून ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

गुरुवारी तिकडचा माणूस आला. उंच, घामाघूम झालेला, थकलेल्या डोळ्यांचा. पाहुणचार म्हणून साहेबांनी काजू, सामोसे, शहाळं मांडलं होतं, त्याने फक्त शहाळं घेतलं. साहेबांनी आपलं भाषण सुरू केलं, आणि स्मिता शेजारी बसून एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये उतरवू लागली. भाषांतरात चूक झाली, हे आलं तेव्हा तिने तेही उतरवलं, आणि आपण नंतर खुलासा करूच असं मनाला बजावलं. त्या माणसाने मान हलवली. त्याला भाषांतरात फारसा रस दिसत नव्हता. त्याने खिडकीतून आवारात रचलेल्या निळ्या ड्रमांकडे पाहिलं आणि एक साधा प्रश्न विचारला. तुमच्याकडे येणारा कच्चा माल पण ड्रमांतूनच येत असेल. त्या रिकाम्या ड्रमांचं तुम्ही इथे काय करता?

स्मिताने प्रश्न मराठीत सांगितला.

त्या ड्रमांचं कंपनी काय करत होती, हे तिला पक्कं माहीत होतं. दसऱ्याला. खंडेनवमीला मशिनांची पूजा व्हायची, झेंडूची तोरणं लागायची, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक माणसाला पेढ्यांचा पुडा आणि एक रिकामा ड्रम. तळोज्यात ही जुनी रीत होती. कोणत्या कंपनीचा ड्रम जाड, कोणाचा झाकणासकट, यावर बसमध्ये चर्चा व्हायच्या. पाण्याची बोंब असलेल्या या मुलखात ड्रम म्हणजे मानाची वस्तू. मुलीच्या लग्नात आंदण द्यायचे लोक. स्मिता तिसऱ्या मजल्यावर राहायची, वर टाकी होती, तिला ड्रमचं काय? तिने गेल्या दसऱ्याला आणि त्याच्या आधल्याही, आपला ड्रम दुर्गाबाईंना दिला होता.

दुर्गाबाई तिच्याकडे धुण्याभांड्याला यायच्या, नावडे गावातल्या. त्यांच्या आळीत नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. ड्रम पाहून बाईंचा चेहरा असा खुलला होता की स्मिताला स्वतःलाच मोठं दानशूर झाल्यासारखं वाटलं. त्यांनी विचारलं होतं की यात पाणी भरायला हरकत नाही ना. आणि स्मिता म्हणाली होती, सोडा घालून धुतला की चालतं. अगदी सहज. फोडणी देता देता.

आणि आता तिला हेही आठवलं की गेल्या महिन्यात दुर्गाबाई दोनदा आल्या नव्हत्या, नातीच्या पोटात सारखं दुखतं म्हणून तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, जंत असतील. असतीलही जंत. देव जाणे.

साहेब तोवर उत्तर देऊन मोकळे झाले होते. "नष्ट केले जातात म्हणावं. सगळे."

तो माणूस तिच्याकडे पाहत होता. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, 'से देस्त्रुयेन. तोदोस.' नष्ट केले जातात. सगळे. कोण करतं, कुठे करतं, काही नाही. वाक्य सुरेख होतं. इतक्या वर्षांत 'से' इतका सफाईदार तिच्या तोंडून कधी आला नव्हता. त्या माणसाने वहीत काहीतरी टिपलं. साहेबांनी तिच्यापुढे सामोशांची बशी सरकवली. उद्या सकाळी पाहुणे कारखाना बघतील आणि मग विमानतळावर जातील, एवढं ठरून बैठक उठली.

ती घरी गेलीच नाही. बसमधून कॉलनीच्या आधीच उतरून गावात शिरली. दुर्गाबाईंचं घर तिने कधी पाहिलं नव्हतं, लाज वाटावी अशी गोष्ट, पण नव्हतं. विचारत विचारत गेली. आणि वाटेत तिला दिसत गेलं ते आधीही दिसत होतं, फक्त कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक पडवीत निळे ड्रम. कोणावर फळी ठेवलेली, कोणावर ताट झाकलेलं, एकावर तुळशीची कुंडी. संध्याकाळचं पाणी आलेलं होतं आणि सगळ्या आळीत नळ्या ड्रमांत सोडलेल्या होत्या.

दुर्गाबाई तिला पाहून गडबडल्या. सुनेला, सरस्वतीला, चटई टाकायला लावली. काय झालं बाय, घरचे साहेब बरे हायत ना, असं विचारू लागल्या. दोन्ही ड्रम दाराशीच होते, घासून लख्ख केलेले, त्यांच्यावर स्वच्छ फडकी बांधलेली. पाच-सहा वर्षांची नात चटईच्या कडेला पाय पोटाशी घेऊन पडली होती.

स्मिता बसली नाही. उभ्याउभ्याच सांगितलं की या ड्रमांतलं पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाला घ्यायचं नाही, आत औषध असतं, ते कितीही धुतलं तरी प्लॅस्टिकमध्ये राहतं. दुर्गाबाई आधी हसल्याच. सोडा लावला, चिंच लावली, चार दिवस उन्हात ठेवला, आता कसलं औषध राहतंय. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू मावळलं.

"तूच बोल्ली होतीस ना, धुतला का चालतं?"

"हो."

"मंग आता कवा कललं तुला?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच कळलं म्हणता आलं असतं, कंपनीने आज सांगितलं म्हणता आलं असतं. स्मिताच्या तोंडाशी आलंही होतं की तेव्हा सांगायचं राहून गेलं. पण तिने ते गिळलं.

"दोन वर्षं झाली. तिकडे परदेशी जे ड्रम जातात, त्यांच्यावर हे मीच लिहिते. यात पाणी भरू नये म्हणून. माझ्या हाताने लिहिलंय. तुम्हाला मी सांगितलं नाही."

दुर्गाबाईंनी शिव्या दिल्या असत्या तर स्मिताला बरं वाटलं असतं. सरस्वतीने नळी ड्रममधून काढली आणि तशीच हातात धरून उभी राहिली, पाणी अंगणात वाहत होतं. आणि दुर्गाबाई इतक्या हळू आवाजात बोलल्या की जणू स्वतःशीच काही हिशोब लावून पाहत होत्या.

"त्या तिकरच्या बायांना लिवून पाठवलंस. आनि मी त तुज्या घरी रोज येतंय."

त्या बायका स्मिताच्या कामाच्या होत्या, त्यांच्यासाठी ती शब्दकोश उघडायची, एकेका शब्दावर अडून बसायची. दुर्गाबाई रोज तिच्या ओट्याशी उभ्या असायच्या, आणि ते वाक्य त्यांनाही लागू आहे हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? तिने पदर खोचला आणि ड्रम कलता करायला हात लावला. तिघींनी मिळून दोन्ही ओतून टाकले. सरस्वती शेजारी हंडा मागायला गेली, आणि परत आली ती रिकाम्या हाताने, कारण शेजारीही पाणी ड्रमातच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना दाखवताना स्मिताने त्या पाहुण्याला सगळं सांगितलं. दसरा, पेढे, ड्रम, गावातल्या पडव्या, आणि काल मी तुम्हाला खोटं सांगितलं, हेही. साहेब बाजूला उभे राहून हसत होते, त्यांना वाटलं ती मशिनची माहिती देतेय. कळलं तेव्हा अर्थातच तिची नोकरी गेली, आणि घरी बसण्याचे 'थोडे दिवस' कधी संपलेच नाहीत. त्या दोन मुलींचं पुढे काय झालं ते तिला कोणी कळवलं नाही. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, काय गरज होती हरिश्चंद्र व्हायची? नंदकुमारही दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच दोन मोठी पितळी पिंपं आणून दुर्गाबाईंच्या दारात ठेवली. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. नातीला स्मिताने पनवेलच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या केल्या. पोरीचं दुखणं हळूहळू थांबलं. ड्रम गेला म्हणून की जंताच्या औषधाने, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

दुर्गाबाईंनी काम सोडलं नाही. रोज ठरल्या वेळी यायच्या, भांडी घासायच्या, कपडे वाळत घालायच्या, नातीची चौकशी केली की हाय बरी म्हणायच्या. पूर्वी काम झालं की त्या ओट्याला टेकून चहा प्यायच्या आणि गावच्या चार गोष्टी सांगायच्या. स्मिता अजूनही आधण ठेवते.

"नको बाय," त्या म्हणतात.

एप्रिलमध्ये ऊन भाजून काढत होतं, तेव्हा तिने माठातलं गार पाणी तांब्याभर त्यांच्यापुढे धरलं. दुर्गाबाईंनी तांब्याकडे पाहिलं, ओले हात लुगड्याला पुसले आणि चपला घालून तहानेल्याच जिना उतरून गेल्या.